परत येण्याचा पुरावा

सदरमध्ये, दुसऱ्या माळ्यावर, लखवानीच्या ऑफिसात
एसी इतका गार
की अर्धा प्रवास इथंच होऊन राहिला.

नाव : शैला दामोदर बारापात्रे.
वय : बासष्ट.
व्यवसाय : निवृत्त परिचारिका.
प्रवासाचा हेतू?
'पर्यटन' लिहा, तो म्हणाला.
लिहिलं.
दुसरं काय लिहिणार होते?
की लेबर रूमच्या भिंतीवर
औषध कंपनीचं एक कॅलेंडर होतं,
त्यातलं नोव्हेंबरचं पान
डिसेंबर उलटून गेला तरी मी उलटलं नाही.
तळं. काठाशी होडी ठेवायची लाल लाकडी खोली.
आणि माणूस म्हणून कुणी नाही.
रात्रपाळीत, दोन कळांच्या मधे,
मी तिथं जाऊन बसायचे.
तेवीस वर्षं बसले.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : नॉर्वे.

फोटोत हसायचं नाही.
कान दिसले पाहिजेत, मागं पांढरा पडदा.
धरमपेठेतल्या फोटोवाल्या पोरानं
दोन बोटांनी माझी हनुवटी उचलली, उजेडाकडं वळवली.
अशीच मी वळवत आले तोंडं,
एका मिनिटाच्या वयाची.
तीही हसत नसतात.

मग लखवानीनं पेन खाली ठेवला.
'मॅडम, आता मेन गोष्ट.
तुम्ही वापस येणार, याचा काही पुरावा?'

नवरा?
केला नाही.
लेकरं?
हातावर घेतली ती हजारो, घरी नेलं एकही नाही.
शेती? नाही.
घर? भाड्याचं, आणि मालक विकायला काढून बसला आहे.
पेन्शन आहे, मी म्हटलं.
'ते तर कुठंही बसून मिळते.'
थोडा वेळ तो माउसचं चाक फिरवत राहिला,
मग मला लागू नये अशा बेतानं म्हणाला,
'काऊन वापस याल तुम्ही?
ते लोक हेच विचारतात न.'

तोंडाला दुपट्टा बांधून
कस्तुरचंद पार्कच्या कडेनं बर्डीपर्यंत पायी आले.
पंचेचाळीस डिग्री.
खरंच की, काऊन येईन?
या उन्हासाठी तर नाहीच.

घरी कपाटातून वही काढली.
आमची भिशी. चौदा बाया, महिन्याचे दोन हजार,
अठरा वर्षांचा हिशेब माझ्या अक्षरात.
यंदा ठवकर वहिनीनं पहिली उचलली, बोअरवेल मारली.
सरोज निनावेनं पोराला गाडी घेऊन दिली.
माझी चिठ्ठी अजून निघायची आहे.
अठ्ठावीस हजार सोडून कोण जातं?
आणि गेलेच, तर या तेरा जणी
नॉर्वेतून मला दंडाला धरून आणतील.

पानाची झेरॉक्स लावली.
लखवानी इतका हसला की चहा सांडला.
पिन काढून कागद मला परत दिला.

बोटांचे ठसे द्यायला मुंबई.
मशीन माझी बोटं घेईना.
'पुन्हा ठेवा.' 'जोरात दाबा.' 'पुन्हा.'
काउंटरवरच्या मुलीनं ओल्या कागदानं एकेक बोट पुसलं.
'काय काम करायच्या, आंटी?'
हात धुवायचे, मी म्हटलं.
चौथ्या खेपेला रेषा उमटल्या,
जुन्या साडीच्या काठासारख्या, आहेत म्हटलं तर आहेत.
ती वळली तेव्हा
विम्याच्या आणि बँकेच्या कागदांमधे
मी ते पान सरकवलं.
तिकडं कुणाला वाचता येणार नाही.
पण चौदा नावं आहेत, आखलेल्या रेघा सरळ आहेत,
आणि एका नावापुढं अजून सही नाही.

पासपोर्ट तिकडंच आहे. पंधरा दिवस म्हणाले, आज बाविसावा.

आज दहा तारीख, भिशी माझ्याकडं.
पोह्यांवर तर्री वाढून झाली,
निनावेच्या नातीनं डब्यात हात घातला,
चिठ्ठ्या ढवळत राहिली, ढवळतच राहिली.
अठरा वर्षांत पहिल्यांदा
माझ्या मनात आलं,
माझी निघू नये.